पहिला नारळ

"सर, माझं काही चुकलं का?" वृषाली तांबटनं आपल्या वरिष्ठांना, ओगलेसाहेबांना विचारलं.

पंपांच्या त्या कारखान्यात रीतच होती. नवा पंप पहिल्यांदा चालू करायचा, तर ज्याने त्याचा आराखडा काढला त्यानेच नारळ फोडायचा. आज वृषालीच्या पंपाचा नारळ भलत्याच्याच हातून फुटला होता, आणि तो त्याच्या हाती ओगल्यांनीच दिला होता.

महिन्यापूर्वी, कोण टिकेल नि कोण जाईल हे नोंदी चाळून सांगणाऱ्या कारखान्याच्या भाकीतयंत्राने तिच्या नावापुढे तांबडी खूण केली होती: ही वर्षाच्या आत नोकरी सोडणार. खूण पडली की त्या माणसाच्या हातचं काम हळूहळू काढून घ्यायचं, असा वरचा हुकूम. कारण मात्र सांगायचं नाही, हाही हुकूमच. बिचारीनं नुकतंच कारखान्याजवळ घर घेतलं होतं. सोडून जायचं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"नाही गं, तुझं काही चुकलं नाही," ओगले कसेबसे म्हणाले. ती काय समजायचं ते समजली. पंधरवड्यात राजीनामा आला.

मोठे साहेब खूश झाले. "बघा ओगले, आपलं यंत्र कधी चुकत नाही!"

ओगल्यांनी मान डोलावली. दुसरं काय करणार?

पुढच्या पंपाचा आराखडा खुद्द ओगल्यांचा होता. चाचणीच्या दिवशी त्यांनी नारळासाठी हात पुढे केला. मोठ्या साहेबांनी त्यांची नजर चुकवली आणि नारळ शेजारच्याच्या हातात ठेवला.

"पण साहेब," ओगले म्हणाले, "मी कुठेही जाणार नाहीये हो!"