आजोबांच्या रागाचा आलेख

चहा चारच्या आधी आला तरी आजोबा चिडायचे, नंतर आला तरी चिडायचे. जितका फरक जास्त, तितका आवाज वर. त्यांची सून गणित शिकवायची. लेकीला केवल मूल्याची असमानता समजावताना तिने हेच उदाहरण घेतलं. आडव्या अक्षावर वेळेतला फरक, लवकर असेल तर शून्याच्या डावीकडे, उशीर असेल तर उजवीकडे; उभ्यावर राग. राग निदान फरकाएवढा तरी असणारच, म्हणून इंग्रजी व्ही काढून तिने आतली बाजू रंगवली.

लेकीने त्यातलाच एक बिंदू पकडला आणि हरखली. "फरक शून्य, राग पाच? चहा वेळेवर मिळाल्यावर आजोबा कशाला चिडतील? आई, रंगवताना चुकलीस तू!"

"मग तपासून ये," म्हणत आईने कप तिच्या हातात दिला.

चारच्या ठोक्याला लेक आजोबांसमोर हजर.

 

"जमतं की वेळेवर!" आजोबा कडाडले. "म्हणजे इतके दिवस मुद्दाम छळत होतात मला!"