हत्तींच्या वाटेवर

“आई, बाबा बैलगाडी हाकताहेत का गं?” मागच्या सीटवरून केतकी कुजबुजली. वसुधाने तिला डोळ्यांनीच दटावलं. नवऱ्याची नजर मंदावत चालल्याचं दोघींनाही ठाऊक होतं. पण आफ्रिकेत गाडी चालवायचं त्याचं जुनं स्वप्न मोडणार कोण?

“बाबा, ब्रेक!”

बोत्स्वानाच्या धुळीत गाडी कचकन थांबली. समोरून हत्ती निघाले होते, संपता संपेनात, आणि एवढ्या पावलांचा आवाज म्हणून नाही! वसुधाने नकळत चपला काढून हात जोडले. इतके बाप्पा एका वेळी तिने कधी पाहिले नव्हते.

“पिल्लू आहे का गं त्यांत?” नवऱ्याने हळूच विचारलं.

“हे काय, आपल्या बॉनेटपाशीच तर आहे, बाबा!”

त्याने इंजिन बंद केलं आणि किल्ली मागे केतकीच्या हातात दिली. “मला दिसत नाहीये गं. आता तू चालव.”