शिंगांवरचा कापूस

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा दारव्ह्याचा भरलेला बाजार आणि गर्दीत शिरणारी बैलजोडी. अंगणात नवी गाडी पुसताना पुंडलिकराव नातीला तीच गोष्ट सांगत होते: बाजारात कुणाला लागू नये म्हणून त्यांचे वडील बैलांच्या शिंगांना कापूस लावून वर फडकं बांधत. निकिता ऐकता ऐकता गाडीसमोर आली. आबांनी कालच हौसेनं पुढे लोखंडी गार्ड बसवला होता. "आबा, हा कायले लावला?" "गाडीले पोचा पडू नये म्हून." "अन् पायी माणूस समोर आला तं? शाळेतल्या मॅडमनं सांगतलं, गाडीचं नाक मुद्दाम चेपणारं बनवतात. मार गाडीनं खावा, माणसानं नाही. तुम्ही तं तिले शिंगं लावली." आबांच्या हातातलं फडकं गार्डवरच थांबलं. "माह्या बापानं हा लावू देल्ला नसता," ते हळूच म्हणाले. निकिता घरात पळाली आणि पाना घेऊन आली.