शिरोड्याचा कुत्रा

रत्नागिरी ते पणजी हा किनाऱ्याचा रस्ता समुद्राने गिळून नऊ वर्षं झाली होती. तरी आजारी मालिनीबाईंचा बेत रोज सकाळी तयार असायचा: पूर्णगडला चहा, मालवणला सोलकढी. मग जनार्दनराव त्यांना अंगणातल्या गाडीत बसवत, काचांवर जुन्या रस्त्याचं चित्रण लावत आणि स्टिअरिंग धरत. गाडी तसूभरही हलत नसे.

"मला फसवता होय?" एकदा मालिनीबाई हसल्या. "शिरोड्याला रोज तोच कुत्रा आडवा येतो."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"अहो, ब्रेक मारताना तुम्ही माझ्यापुढे हात धरता ना, म्हणून."

त्यांच्या तेराव्यानंतर जनार्दनराव एकटेच गाडीत बसले. शिरोड्याला कुत्रा आडवा आला. डावा हात आपसूक रिकाम्या सीटपुढे गेला, तो त्यांनी पणजीपर्यंत मागे घेतला नाही.