साध्या कपड्यांतला सत्कार

"हे काय, साध्या शर्टात? गणवेश कुठंय?" सोसायटीच्या अध्यक्षांनी फौजीला आपादमस्तक न्याहाळत विचारलं.

फौजी ड्यूटीवरून थेट आला होता. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मागे फलक होता : 'आम्ही आमच्या जवानांच्या पाठीशी.' पुढे उभं राहायचं वचन कुणी दिलंच नव्हतं म्हणा.

मुख्य स्टेशनात स्फोट झाला आणि देश हादरला, त्याला पंधरवडा होत आला होता. तेव्हापासून इमारतीला साक्षात्कार झाला होता की, तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारा माणूस लष्करात आहे. एरवी तो नुसता 'फौजी'. पहाटे जिन्यात बूट वाजवतो म्हणून त्याच्या नावाने खडे फोडले जायचे. आता तो 'मेजरसाहेब' झाला. लष्करात तो अजून साधा नायक होता. सोसायटीने बढती देऊन टाकली.

घरात मात्र सगळं उलटं चाललं होतं. रजा रद्द झाल्या. धाकट्या बहिणीचं लग्न त्याने फोनवर पाहिलं. स्कूटरवरचं पलटणीचं चिन्ह बायकोने सुरीने खरवडून काढलं. धुतलेला गणवेश गॅलरीत वाळत घालायची सोय राहिली नाही. तो बाथरूममध्ये लोंबायचा आणि कुबट वास मारायचा. बाबा काय करतात असं कुणी विचारलं तर 'कारखान्यात आहेत' म्हणायचं, असं लेकीला पढवलं होतं. पढवताना लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही काही वाईट केलंय का?" त्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

अध्यक्षांचं भाषण रंगात आलं. मूठ आवळून ते शत्रूला धडा शिकवायला निघाले. श्वास घ्यायला थांबले तेव्हा पुन्हा शर्टाकडे नजर गेली. "मेजरसाहेब, गणवेशाची लाज वाटते की काय?" त्यांनी माइकवरूनच चिमटा काढला.

लोक हसले. फौजी उठला.

"हुकूम आहे. बाहेर गणवेश घालायचा नाही. आमच्यावर आणि आमच्या घरांवर स्फोट करणाऱ्यांची नजर आहे म्हणतात."

हसू विरलं. सगळ्यांच्या माना वळून तिसऱ्या मजल्याकडे गेल्या. कुणाला गॅसवरचं दूध आठवलं, कुणाला फोन आला. शेजारची खुर्ची कधी रिकामी झाली ते फौजीला कळलंही नाही. अध्यक्षांनी पुष्पगुच्छ दिला तो हात लांब करून, जणू तो गुच्छच फुटेल.

दुपारी अध्यक्ष वर आले. सोबत घरमालक. दोघं सोफ्याच्या कडेला टेकले.

"गैरसमज नको हं," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्याबद्दल आम्हाला अभिमानच आहे. पण इमारतीत मुलंबाळं आहेत."

"महिनाअखेर जागा मोकळी केलीत तर..." घरमालक जमिनीकडे बघत पुटपुटला.

फौजीची बायको चहा घेऊन आली होती. ट्रे तिने जरा आदळूनच ठेवला. "आमची पोरही याच इमारतीत राहते, भाऊ."

"तिच्याच काळजीपोटी म्हणतोय, वहिनी."

"छावणीत क्वार्टर मिळत नाही. तिला घेऊन मी कुठं जाऊ?"

यावर दोघांनाही एकदम चहा आठवला.

स्फोटाच्या दिवशी फौजीची तुकडी स्टेशनात होती. ढिगाऱ्याखालून त्याने जी माणसं हातांनी ओढून काढली, त्यांतली सगळी जिवंत नव्हती. त्यानंतर कुणाशी भांडायचं म्हटलं तर त्याच्या अंगात त्राणच उरलं नव्हतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "सोडतो आम्ही."

बायकोने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती आत निघून गेली.

अध्यक्षांच्या जिवात जीव आला. त्यांनी कप रिकामा केला, चहाची तारीफ केली, घरमालकाला पुढे पिटाळलं. दारात मात्र ते घुटमळले. मागे वळून त्यांनी फौजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला.

"मेजरसाहेब, एवढं एक काम करा. तुमच्या वरच्या साहेबांच्या कानावर घाला. तुम्ही गेलात की आपल्या गेटवर दोन बंदूकवाले जवान मिळतील का? चोवीस तास. मुलाबाळांना जरा धीर येईल हो!"