कुठेही बघायची मुभा

"डोळे उघडे आहेत ना माझे?" बाबांनी विचारलं.

"उघडे आहेत. सिनेमा अजून लावलाच नाहीये मी."

मुलीनं त्यांच्या डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा चढवला होता. चष्मा कसला, तोंडाला बांधलेला डबाच तो. बाबा फिरत्या खुर्चीत दोन्ही हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसवल्यासारखे ताठ बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे सिनेमे कापले. धंद्यात त्यांना सगळे 'कात्री' म्हणत. लोकांनी कुणाच्या चेहऱ्याकडे बघायचं, किती वेळ बघायचं आणि कधी पुरे, हे कात्री ठरवायचे आणि लोक मुकाट्यानं बघायचे.

"यात कट नाही," मुलगी म्हणाली. "नऊ मिनिटं सलग. तुम्ही खोलीच्या मधोमध बसलाय असं समजा. कुठेही बघा. जिकडे बघाल तिकडे गोष्ट जाईल."

"म्हणजे संकलन मीच करायचं? मग तू काय केलंस?"

ती हसली खरी, पण तिचा जीव टांगणीला लागला होता.

सिनेमातली खोली इस्पितळातली होती. खाटेवर आई, म्हणजे आईचं काम करणारी नटी, आईच्याच स्वेटरमध्ये. दोन वर्षांपूर्वीची ती दुपार मुलीनं जशीच्या तशी उभी केली होती. सलाईनचा स्टँड, खिडकीतला थर्मास, औषध सांडून डाग पडलेलं कॅलेंडर, सगळं. त्या दुपारी आईजवळ ती एकटीच होती. बाबा संकलनाच्या खोलीत होते, फोन बंद करून, कारण शुक्रवारी सिनेमा लागायचा होता. ते पोचले तेव्हा खाट रिकामी झाली होती. त्यानंतर त्या दिवसाबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही.

सिनेमात आईकडे सलग दहा सेकंद बघितलं, की ती बोलायची, "त्यांना सांग, मी रागावले नाहीये." खरी आई असं काही म्हणाली नव्हती. ते वाक्य मुलीनं लिहिलं होतं, फक्त एका माणसासाठी. बाकीच्यांनी ते ऐकलं काय, न ऐकलं काय, तिला सारखंच होतं.

तिनं सिनेमा सुरू केला. तिच्यासमोरच्या संगणकाच्या पडद्यावर एक हिरवा ठिपका उमटला. ती बाबांची नजर.

ठिपका आधी छतावर गेला, मग फरशीवर.

"अगं, माझे पाय कुठे गेले?"

"पाय नाहीयेत तुम्हाला यात. पुढे बघा."

"पुढे कुठे? इथे पुढे-मागे काही आहे का!" त्यांनी खुर्ची गर्रकन फिरवली आणि खरोखरच्या टेबलावर गुडघा आपटून घेतला. "काय खेळ मांडलाय हा!"

ठिपका भिरभिरत खाटेपाशी आला. मुलगी मोजायला लागली. एक, दोन, तीन. चौथ्या सेकंदाला ठिपका उडाला आणि दारावर जाऊन बसला.

आणि तिथेच राहिला.

तिला काही कळेना. दारासाठी तिनं काहीच लिहिलं नव्हतं. दारापलीकडचा व्हरांडासुद्धा बांधला नव्हता, नुसता करडा रंग फासून ठेवला होता. त्या रंगात काय दिसत असेल या माणसाला? इकडे आई खोकली. पांघरूण सरकलं. ठिपका ढिम्म हलेना. चष्मा बिघडला की बाबांना डुलकी लागली, म्हणून तिनं वाकून त्यांच्याकडे पाहिलं. बाबा टक्क जागे होते, मान पुढे काढून बसले होते. "बाबा, खाटेकडे बघा," हे अगदी तिच्या ओठांवर आलं होतं. पण प्रेक्षकाचं स्वातंत्र्य या विषयावर तिनं स्वतःच चार ठिकाणी भाषणं ठोकली होती. ती पुन्हा ठिपका बघायला लागली.

नऊ मिनिटं संपली. चष्मा निघाला. बाबांच्या नाकावर लाल वळ उठला होता.

"छान झालंय," ते म्हणाले. "ती बाई काम चांगलं करते."

"काय म्हणाली ती?"

"तेच आपलं... आजारी माणूस काय म्हणणार?"

मुलीनं पडदा त्यांच्याकडे वळवला आणि सगळं भराभर पुढे पळवून दाखवलं. खोलीत काहीबाही घडत होतं आणि हिरवा ठिपका दाराला चिकटून होता. आपली नजर कुणी अशी टिपून ठेवत असेल, हे बाबांच्या गावीही नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. मग ते चिडले.

"चूक तुझी आहे! दार अर्धं उघडं ठेवलंस. अर्धं उघडं दार दिसलं की कुणीतरी आत येणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. चाळीस वर्षं मी हेच करत आलो. आता येईल, मग येईल, म्हणून बघत बसलो मी."

"कोण येईल?"

बाबा चष्म्याचा पट्टा उगाचच सैल करत राहिले.

"मीच," ते म्हणाले. "म्हटलं, तुझ्या सिनेमात तरी येईन."

पुन्हा लावू, या वेळी आईकडे बघा, ती तुमच्यासाठी काहीतरी बोलते, असं सांगायचं मुलीच्या मनात होतं. पण बाबा थांबायला तयार नव्हते.

"बंद ठेवलं असतंस तर मी तिच्याकडे बघितलं असतं ना! काय गरज होती दार उघडं ठेवायची?"

तिच्या मनातलं वाक्य मनातच राहिलं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"मी नाही ठेवलं, बाबा. त्या दुपारी आईनं ठेवायला लावलं होतं."