मागचे केस

"काका, रविवारी तुम्ही नेमकं करता काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सलूनवाला टेबलावर उताणा पडला होता. बाई त्याच्या डोक्याशी स्टुलावर बसून मान तपासत होत्या.

"करणार काय? रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. जो तो आपलं डोकं घेऊन हजर."

"आणि दुकान बंद केल्यावर?"

"जेवतो. झोपतो."

"काहीतरी लपवताय. शुक्रवारी तुमची मान मऊ असते. सोमवारी आलात की पुन्हा दोरखंड. मधे काहीतरी घडतंय."

त्याने मूठ उघडझाप केली. उजव्या हाताच्या बोटांना सकाळपासून मुंग्या येत होत्या.

त्या मुंग्यांनीच त्याला इथे आणलं होतं. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा असताना तो हातातून सुटला. नशीब, मांडीवरच्या कापडात पडला. "दाढी करायला आलोय बाबा, बळी जायला नाही," गिऱ्हाईक हसून म्हणालं. पुन्हा मात्र आलं नाही. त्या दिवसापासून सलूनवाल्याने कुठल्याही गिऱ्हाइकाला वस्तरा लावला नव्हता. लोक केस त्याच्याकडे कापत आणि दाढीला समोरच्या सलूनवाल्याकडे जात. मग काही जण केसही समोरच्याकडेच कापू लागले. दुकान बंद पडलं असतं तर त्याच्याजवळ फक्त घर उरलं असतं. आणि घरात बोलायला रेडिओ.

डोकेदुखी जुनी होती. झोप नव्हती. गोळ्यांनी पोट बिघडलं, पोटासाठी आणखी गोळ्या आल्या. शेवटी सासरहून आलेल्या मुलीने इथे आणून बसवलं. "कायरोप्रॅक्टर आहेत," ती म्हणाली. त्याला तो शब्द कधी धड म्हणता आला नाही. तो "मणक्याच्या बाई" म्हणायचा.

बाई नुसता मणका दाबून मोकळ्या होत नसत. उशी केवढी, पाणी किती, चप्पल कोणत्या बाजूला झिजते, राग आला की काय करता, सगळं विचारत. एकदा तर दुकानात येऊन बाकावर बसून राहिल्या. खुर्ची उंच करून घेतली. गिऱ्हाइकांच्या माना कडकड मोडायचं बंद करायला लावलं. त्यावरून दोघं रुसले. पण हळूहळू त्याचं डोकं दुखायचं थांबलं. पोट ताळ्यावर आलं. झोप लागू लागली. अडला होता तो एकटा हात.

बाईंचा अंगठा मानेच्या मागे फिरला आणि तो कळवळला.

"इथे कापलंय. ताजं आहे."

"असेल लागलं कुठेतरी."

"मानेच्या मागे? हे वस्तऱ्याचं आहे, काका. कोणाकडून करून घेता?"

"कोणाकडून कशाला? मीच करतो. पुढे एक आरसा, मागे एक आरसा."

"वस्तरा सोडलाय ना तुम्ही?"

"लोकांचा सोडलाय. स्वतःची मान कापली तर कोण तक्रार करणार?"

"हात कसा नेता, दाखवा बघू."

उठून बसत त्याने उजवा हात डोक्यामागे नेला. कोपर वर, हनुवटी खांद्यात, मान पिळलेली. बोटं बधिर व्हायला वेळ लागला नाही. हात खाली घेऊन तो पुन्हा आडवा झाला. दोघांनाही कळायचं ते कळलं.

"असे किती वेळ उभे राहता?"

"रेघ सरळ येईपर्यंत. दर रविवारी. सलूनवाल्याचीच मागची रेघ वाकडी असली तर त्याच्या खुर्चीत बसेल कोण?"

"आधी कोण करायचं?"

"घरची." त्याने कापलेली जागा चाचपली. "मीच शिकवलं होतं. पहिल्यांदा तिने जिना पाडला जिना! मी गिऱ्हाइकांना सांगितलं, नवी फॅशन आहे. एकाने तसाच कापून मागितला." तो हसला. "पुढे तिचा हात असा बसला की माझ्याहून सफाई. झालं की मानेवर फुंकर मारायची. म्हणायची, उठा आता, दुसरी कामं आहेत मला."

बाईंनी दोन्ही हात पुन्हा त्याच्या मानेखाली घातले.

"तिला जाऊन दुसरं वर्ष चालू आहे," तो म्हणाला.

बाई म्हणाल्या, "मग आता समोरच्याकडून करून घ्या. मी शुक्रवारी बसवते ते तुम्ही रविवारी उचकटता. असंच चाललं तर वस्तरा विसरा."

"मी समोरच्याच्या खुर्चीत बसू? लोक हसतील, बाई."

"हसू देत. दातांचा डॉक्टर काय स्वतःचे दात स्वतः उपटतो?"

तो पुन्हा हसला. पण हसू पुरतं व्हायच्या आतच मावळलं.

"लोकांचं काही नाही हो," तो छताकडे बघत म्हणाला. "तिथे शेवटचा हात तिचा लागलाय. त्यावर दुसऱ्या कुणाचा नको."

बाई तशाच बसून राहिल्या. मानेखालचे हातही त्यांनी हलवले नाहीत. बाहेर कोणीतरी खुर्ची सरकवली, खोकलं. सलूनवाला निपचित पडून होता. मग त्याने डोळे मिटले. त्याचे खांदे सैल पडले.

"समोरच्याचा हात जरा जड आहे," तो म्हणाला. "पण जातो उद्या."

"अहो, आत्ता तर नको म्हणत होतात. एकदम कसे तयार झालात?"

त्याला आत्ताच उमगलं होतं. इतके महिने त्याची मान याच बाईंच्या ओंजळीत होती, आणि बायकोचा हात तिथून तसूभरही हलला नव्हता.